गजू, तुझा पगार जमा झाला

गजू,

तुझी तेरवी होऊन आठ दिवस झाले नाहीत तोच तुझा पगार जमा झाला. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात, दरवर्षीसारखा. वंदना वहिनी तुझा फोन अजून रोज चार्ज करून फळीवर ठेवतात. त्या सकाळी तो टुणकन वाजला आणि वहिनींनी लगेच मला फोन लावला. आवाजात रडू नव्हतं, नुसता गोंधळ होता.

"भाऊजी, ह्यायचा पगार आला. आता मी काय करू? वापस पाठवू का?"

मी सदर भागातल्या माझ्या ऑफिसात होतो, समोर दोन अशील बसले होते, आणि मी मोठ्याने हसलो. गेलेल्या माणसाचा पगार परत पाठवू का, असं विचारणारं कुणी मी इतक्या वर्षांच्या करसल्ल्याच्या धंद्यात पाहिलं नव्हतं. मग त्या दोघांना मी चहा घ्यायला खाली पाठवलं.

"वापस कशाला पाठवता, वहिनी? अजून सात वर्षं येणार आहे."

"पण हे तर..."

"तो नसला तरी येणार आहे. तसंच लिहिलंय."

लिहिलंय म्हणजे मीच लिहिलंय. म्हणून आज तुझ्याशी बोलायला बसलोय.

तेरवीच्या पंगतीत कुजबूज होती की गजूला कसली तरी पेन्शन होती. कबड्डी खेळणाऱ्याला पेन्शन! तू ऐकलं असतंस तर पानावरून उठून हसला असतास. पेन्शन कसली? ते तुझ्याच खेळाचे पैसे होते, खेळताना न घेतलेले. शेवटच्या करारात तू निम्मे पैसे मैदानावर असताना घेतलेस आणि उरलेले निम्मे, वाढवून, निवृत्तीनंतर पंधरा वर्षं दरवर्षी एक हप्ता असे घ्यायचं कबूल केलंस. म्हणजे मी तुला कबूल करायला लावलं. सात हप्ते तुझ्या हातात पडले. हा आठवा.

आणि तू बेचाळिसाव्या वर्षी गेलास. ज्या म्हातारपणाचा मी इतका चोख बंदोबस्त केला होता, त्या म्हातारपणाला तू आलाच नाहीस. मित्राच्या तरुणपणातले पैसे उचलून मी अशा घरात ठेवले, जिथे तो कधी पोचलाच नाही. तू गेल्यापासून हे वाक्य घेऊन झोपतो आणि हेच घेऊन उठतो.

पण तुझ्याबद्दल फार वेळ तोंड पाडून लिहिता येत नाही, ही तुझी खोडच आहे. दर दोन ओळींनी तू मधे काहीतरी बोलतोस.

आपण गोळीबार चौकाच्या मागच्या एकाच गल्लीतले. तुझ्या घरात हातमाग चालायचा, माझे वडील कारकून. कबड्डी दोघंही खेळलो, तू चढाईला आणि मी डाव्या कोपऱ्यात. मी कसा खेळायचो ते तू पुढे तुझ्याकडे कबड्डी शिकणाऱ्या पोरींना साभिनय करून दाखवायचास. "हा सुध्या समोरच्याचा पाय धरायच्या आधी त्याले इचारते, धरू का म्हणून." सगळ्या पोरी माझ्याकडे बघून खिदळायच्या आणि मी चष्मा पुसत उभा राहायचो. पाय धरायच्या आधी विचारणाऱ्या माणसाने लोकांची विवरणपत्रंच भरायची असतात. मी ती भरू लागलो. तू खेळत राहिलास.

कबड्डीची लीग आली तेव्हा तू एकोणतीस वर्षांचा होतास. खेळाडूंची बोली लागते म्हटल्यावर तुझ्या आईने विचारलं होतं, "बैलायची लागते तशी?" आणि तू म्हणाला होतास, "हाव माय, दात पाहून घेतेत." बोली लागली. आपल्या गल्लीने कधी ऐकला नव्हता तेवढा आकडा टीव्हीवर तुझ्या नावासमोर आला आणि गल्लीतल्या प्रत्येकाला तो थोडा थोडा आपलाच वाटला. तुलाही तसंच वाटलं, हीच खरी भानगड.

वर्षाच्या शेवटी तुझं विवरणपत्र भरायला बसलो तेव्हा ते पैसे कुठे गेले ते मी शोधत होतो. आत्याचा फ्रिज. चौघांचे मोबाइल. कुणाच्या तरी ऑटोचं डाउन पेमेंट. आणि ती जीप, बापरे! उघडी, हिरवी, सातव्या हाताची. आपण तिला सेमिनरी हिल्सवर नेली. चढली झक्कास, पण उतरायला तयार होईना. ब्रेक लागत नव्हते आणि इंजिन सुरू राहत नव्हतं. आम्ही तिघं मागून दोर धरून तिला आवरत खाली आणत होतो, आणि तू स्टिअरिंगवर बसून फिरायला आलेल्या लोकांना हात जोडत होतास, मिरवणुकीतल्या पुढाऱ्यासारखा. पुढे तिचे टायर कुणाला तरी देऊन टाकलेस, आणि उरलेली जीप शेजाऱ्याने कोंबड्यांसाठी मागून नेली.

मी हसलो खरा, पण भ्यालोही. तुझ्या संघातले इतर काय करत होते तेही मला दिसत होतं. एकाने सगळे पैसे घालून हॉटेल काढलं, ते दोन उन्हाळे टिकलं. एकाने रेतीचा ट्रक घेतला, तो जप्त होऊन पोलीस ठाण्याच्या आवारात गंजला. ही पोरं मूर्ख नव्हती. आयुष्यभराची कमाई चार-पाच वर्षांत हातात येते, आणि हात त्या वेळी पंचवीस वर्षांचा असतो, एवढाच त्यांचा गुन्हा. खेळाडूचं म्हातारपण पस्तिशीत सुरू होतं आणि त्या म्हातारपणात त्याला अजून तीस वर्षं पोट भरायचं असतं. हे वाक्य मी तुला इतक्यांदा ऐकवलं, की तू ते माझ्या आवाजात म्हणायचास, बोटाने चष्मा वर सरकवायची नक्कल करत.

मग शेवटचा करार आला. तू बत्तीस वर्षांचा होतास, उजवा गुडघा कुरकुरत होता. नवा संघ गांधीबागेतल्या कापडाच्या शेटजींनी घेतला होता. त्यांना हौस दांडगी, पण रोकड मालात अडकलेली. त्यांनीच दोन रस्ते ठेवले. एक तर तीन वर्षांत सगळे पैसे, पण बेताचे. नाहीतर निम्मे आता आणि निम्मे पुढे, पण मिळून खूप जास्त. 'पुढे' हा शब्द ऐकल्यावर माझे डोळे चमकले असणार. परदेशात बेसबॉल खेळणाऱ्या काहींचे असे करार असतात, हे मी वाचलं होतं. माणसाने खेळ सोडून केस पिकले तरी जुना संघ दरवर्षी पैसे पाठवतो. लोक हसतात ते संघाला, खेळाडूला नाही.

ऑफिसखालच्या ठेल्यावर तर्री-पोहे खाताना मी तुला पटवत होतो.

"म्हणजे चढाई आज करू, अन् पॉइंट पंधरा वर्षायनं लिहाल?"

"पॉइंट आजच लिहू. पैसे पुढे."

"अन् शेट बुडाला त?"

"शेटने आजच थोडी रक्कम विमा कंपनीत भरायची. ती वाढत राहील आणि त्यातून तुझे हप्ते निघतील. शेट बुडो, संघ बुडो, हप्ता येणार."

"अन् महागाई? पंधरा वर्षायनं तुह्या हप्त्यात ह्या पोह्यावर तर्री तरी येईन का?"

"दरवर्षी हप्ता वाढेल. तेही घातलंय."

"अन् मी मेलो त?"

किती सहज विचारलंस! तोंडात पोहे होते. मीही तितक्याच सहज सांगितलं, "वहिनींना मिळेल. हवं तर वर्षावर्षाने, हवं तर उरलेलं एकदम."

तू खाणं थांबवलंस. "म्हणजे मेल्यावर एकदम भेटते, अन् जित्तेपणी मागितलं त नाही?"

"नाही."

"भारी आहे बे तू! माह्या बायकोवर तुहा भरोसा आहे, माह्यावर नाही."

नव्हताच, गजू. तू हयात असेपर्यंत करार मधेच मोडता येणार नाही, हे कलम शेटजींच्या वकिलाने मागितलं नव्हतं. ते माझं. तुझ्या आणि तुझ्या पैशांच्या मधे मी एक भिंत बांधली, कारण तुझा हात मला माहीत होता. आणि तू सही केलीस. तर्रीचं बोट पँटला पुसून लगेच. मला वाटलं, मी पटवलं. पुढे दहा वर्षं मी हा किस्सा इतर अशिलांना सांगत आलो. एका खेळाडूला मी कसा समजावला, म्हणून.

पहिला हप्ता जमा झाला त्या दिवशी तू म्हणालास, चल गांधीबागेत. मला वाटलं कापड घ्यायचं आहे. तू मला थेट शेटजींच्या पेढीवर नेलंस. तीन पायऱ्या, वर पांढऱ्या चादरीची गादी, तक्के, भिंतीला लक्ष्मीची तसबीर. पायरीखाली तू चपला काढल्यास आणि तिथेच उभा राहिलास. हात पोटाशी, मान किंचित खाली. पाच-सहा जणांना अंगावर घेऊन मध्यरेषा गाठणारा माणूस, आणि तीन पायऱ्या चढेना. मी ढोसलं तरी हलला नाहीस. शेवटी शेटजींचंच लक्ष गेलं.

"अरे, गजाननराव! बाहेर काहून उभे? या, बसा."

तू झोपेतून जागं झाल्यासारखा दचकलास. मग गेलास तो सरळ गादीवर, मांडी घालून, तक्क्याला टेकून. शेटजी काळजीत पडले. "काही अडचण? पैसे नाही आले का?"

"आले ना शेटजी. पोचले म्हणून सांगाले आलो."

शेटजींनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. धनको स्वतः ऋणकोच्या दारात येऊन पोच देतोय, हे त्या पेढीवर पहिल्यांदाच घडत असावं. चहा आला. तू तो इतका सावकाश प्यालास की दोन गिऱ्हाइकं येऊन गेली.

त्यानंतर दरवर्षी. पैसे बँकेत, चहा गांधीबागेत. पुढे पुढे शेटजीच वाट पाहू लागले. एका वर्षी तुला यायला उशीर झाला, तर त्यांनी माणूस पाठवून विचारलं, तब्येत बरी आहे ना. मी चिडवायचो, "बँकेत येतात ना रे पैसे? मग मस्का मारायला कशाला जातोस?" तू म्हणायचास, "तुले नाही समजत, सुध्या." मला ते रीतसर राग येण्यासारखं वाटायचं. पैशातलं मला समजत नाही?

त्या हप्त्यांनी काय काय केलं ते मी इथे सांगणार आहे, कारण तू ते कधी धड कबूल केलं नाहीस. घरावर स्लॅब चढला. तुझ्या लेकीची, ऋतुजाची, फिजिओथेरपीच्या कॉलेजची फी दरवर्षी वेळेवर गेली. धंतोलीतल्या दवाखान्यात तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा बिल बघून तू गुंगीतच म्हणालास, "हा गुडघा शेटचा आहे, जपून वापरा लागते." नर्सला वाटलं, शेट म्हणजे कुणी देणगीदार. तिने गंभीरपणे विचारलं, त्यांचं नाव कुठे लिहायचं.

आणि आता मॅटचं.

तीन वर्षं झाली. तोवर गल्लीमागच्या मैदानावर तुझ्याकडे पंचवीसेक पोरी शिकायला येत होत्या. तू ऑफिसात आलास, उभ्यानेच बोललास.

"सुध्या, पोरी मातीवर शिकतेत अन् मॅटवर हरतेत."

तू मला समजावून सांगितलंस. आता सगळ्या मोठ्या स्पर्धा मॅटवर होतात. मातीत पाय सरकतो, मॅटवर तो धरून राहतो. मातीवर वळायला शिकलेली पोरगी मॅटवर वळली की तिचं पाऊल जागेवर राहतं आणि गुडघा पुढे जातो. चांगल्या पोरी पहिल्याच फेरीत पडतात, कधी नुसत्या हरून, कधी लंगडत. पुऱ्या मैदानाची मॅट म्हणजे लाखांचं काम. म्हणून करार मोडायचा. उरलेलं कमी मिळालं तरी चालेल, पण एकदम.

"मोडता येत नाही, गजू."

"कलम तू लिहिलं ना? मग तूच खोड."

"ते तुझ्याचसाठी लिहिलंय."

"माह्यासाठी? मी काय शेंबडं पोट्टं आहो का बे?"

"जीप आठव."

हे मी बोलायला नको होतं. तू जीपवर हसायचास, रोज हसायचास, पण त्या दिवशी हसला नाहीस. "जीप माह्या हौसेची होती," तू म्हणालास. "हे हौसेचं नाही." आणि दार हळू लावून गेलास. तू दार आपटणारा माणूस. त्या हळू लागलेल्या दाराचा आवाज अजून माझ्या कानात आहे.

कलम कायद्याने पक्कं होतं, हे खरंय. मी इच्छा असती तरी ते सहज सुटलं नसतं, हेही खरंय. पण या दोन खऱ्यांच्या आड मी तिसरं खरं लपवलं. माझ्या स्वतःच्या ठेवी होत्या. "करार राहू दे, मॅटचे मी देतो, तू हप्त्याहप्त्याने फेड," एवढं एक वाक्य होतं. सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं. तू बोलत असतानाच सुचलं होतं. मी तेव्हा मनातल्या मनात व्याज मोजत होतो.

पोळ्यापासून संक्रांतीपर्यंत आपण बोललो नाही. गल्लीत समोरासमोर आलो की दोघंही फोन काढायचो. संक्रांतीला तू घरी आलास आणि हातावर तीळगूळ ठेवत म्हणालास, "घे. गोड नको बोलू, पण बोल." बायको हसली, मी हसलो, सगळं पूर्वीसारखं झालं. मॅटचा विषय तू काढला नाहीस. तू उदार म्हणून काढला नाहीस. मी काढला नाही तो मात्र भीतीने.

शेवटच्या संध्याकाळचं मी सांगायला नको, तिथे पोरी होत्या, मी नव्हतो. त्या सांगतात, सराव सामना चालू होता, सर छातीला हात लावून खाली बसले. त्या धावल्या तर तू हात वर करून म्हणालास, "आधी पॉइंट कोणाचा ते सांगा." त्यांनी सांगितलं. तू मान हलवलीस, पटलं नव्हतं म्हणे. त्यांनीच तुला उचलून ऑटोत घातलं. मी धंतोलीत पोचलो तेव्हा चौदा-पंधरा वर्षांच्या त्या मुली ढोपरापर्यंत मातीने माखून दवाखान्याच्या चकचकीत फरशीवर ओळीने बसल्या होत्या, आणि त्यांना उठा म्हणायची कुणाची हिंमत होत नव्हती. त्यांच्याकडे बघूनच मला कळलं.

आता हप्ता आल्यानंतरचं सांगतो. विमा कंपनीने वहिनींना विचारलंय, पुढचे सात हप्ते वर्षावर्षाने हवेत की सगळे आत्ता. महिनाभरात कळवायचं आहे. वहिनींनी मला घरी बोलावलं. दोन्ही बाजू मी सांगितल्या. एकदम घेतलं तर एकूण रक्कम कमी होईल, पण हातात राहील. तसंच चालू ठेवलं तर ऋतुजाचं शिक्षण, घरखर्च, सगळं सुरळीत.

"मग काय करू? तुम्हीच सांगा, भाऊजी."

आयुष्यात पहिल्यांदा मला सल्ला देता येईना. "मी नाही सांगणार, वहिनी. मागे एकदा सांगितलं होतं. माझ्या सांगण्यावरून त्याने सही केली, आणि त्याचे पैसे त्याला खर्च करता आले नाहीत."

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या, शाळेतलं पोरगं काहीतरी अचाट बोलल्यासारखं. "तुमच्या सांगण्यानं?" त्या म्हणाल्या. "तुमाले असं वाटते का, त्यायनं तुमच्या सांगण्यानं सही केली?"

मग त्यांनी सांगितलं ते तू मला दहा वर्षांत सांगितलं नाहीस, लेका.

तुझे बाबा त्याच पेढीसाठी साड्या विणायचे, आताच्या शेटजींच्या वडिलांच्या काळात. विणकराच्या घरात पैसा आधी यायचा, काम नंतर. सणाला पेढीवरून उचल घ्यायची आणि मग वर्षभर ती फेडत विणत बसायचं, ती फिटायच्या आत पुढचा सण. आपल्या गल्लीतल्या निम्म्या घरांत हेच होतं. मी ते रोज पाहिलं होतं, पण कारकुनाच्या घरातून. दसऱ्याच्या आधी तुझे बाबा उचल मागायला गांधीबागेत जायचे आणि वर बोलावणं येईपर्यंत पायरीखाली उभे राहायचे. तू लहान, त्यांचं धोतर धरून शेजारी. बोलावणं कधी तासाने यायचं, कधी "उद्या ये" असा निरोप यायचा.

"सही करून घरी आले त्या दिवशी पेढे घेऊन आले," वहिनी म्हणाल्या. "मी म्हटलं, एवढे हसून काहून राहिले? त मले म्हणते, 'वंदे, आता पंधरा वर्षं शेट आपला देणेकरी!' रातभर तेच. मधेच उठून बसत अन् हासत. तुमचं ते व्याज अन् महागाई, मले नाही वाटत त्यायनं काही ऐकलं."

मी काय करावं, गजू? दहा वर्षं जपलेला अभिमान तुझ्या स्वयंपाकघरात पाच मिनिटांत गेला. मी तुला पटवलंच नव्हतं. तू माझ्यासमोर महागाईचे प्रश्न विचारत होतास ते माझं मन राखायला, आणि पोहे संपेपर्यंत वेळ काढायला. मी हसू लागलो, वहिनीही हसू लागल्या, आतून ऋतुजा बघायला आली की या दोघांना झालं काय. अपराधाचं निम्मं ओझं तिथेच उतरलं. तू ते पैसे भोगले नाहीस असं मी समजत होतो. तू दरवर्षी गादीवर बसून, बशीत ओतून, फुंकर मारून भोगत होतास.

"म्हणून मी एकदम नाही घेत," वहिनींनी डोळे पुसत सांगून टाकलं. "एकदम घेतलं का शेट सुटला."

"वहिनी, पैसे आता शेटजी देत नाहीत, विमा कंपनी..."

"माहीत आहे मले. दहावी पास आहो मी. तरी नाही घेत. दरवर्षी ह्यायच्या नावानं घरात काहीतरी येत राह्यलं पाहिजे."

तर असं आहे. तू अजून सात वर्षं पगारावर आहेस. शहरातले धडधाकट लोक नोकरीसाठी वणवण करतायत आणि तुला दरवर्षी वाढही मिळणार आहे.

ओझ्याचा दुसरा निम्मा भाग मात्र वहिनींच्या हसण्याने उतरणारा नव्हता. त्या संध्याकाळी मी मैदानावरून घरी गेलो. तुझ्या हाताखाली शिकलेली एक मोठी मुलगी सराव घेत होती. एक पोरगी बोनस रेषेवर वळताना पडली, उठली, ढोपराची माती झटकली आणि पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिली. कुणी तिच्याकडे पाहिलंही नाही, रोजचंच असल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी बँकेत गेलो. काउंटरवर ऋतुजाच्या वयाची मुलगी होती. मी ठेवीची पावती पुढे केली आणि म्हणालो, मोडायची आहे.

तिने स्क्रीनवर पाहिलं आणि चेहरा काळजीचा केला. "काका, हिची मुदत मार्चमध्ये संपते. आता मोडली तर व्याज कमी बसेल, वरून दंड कापला जाईल. थोडं थांबून जा ना. काही अर्जंट आहे का?"

"मॅट घ्यायची आहे."

"योगाची?"

"कबड्डीची. पुऱ्या मैदानाची."

तिने माझ्या पोटाकडे पाहिलं आणि सभ्यपणे नजर पुन्हा स्क्रीनवर नेली. मग तिने कागद घेऊन मला नीट समजावून सांगितलं. आज किती मिळतील, मार्चमध्ये किती मिळाले असते, फरक किती. फार छान समजावलं, गजू. हिशेब बरोबर, आवाजात कळकळ, घाई नाही. मी स्वतः यापेक्षा चांगलं समजावलं नसतं.

"पाहा ना काका," ती शेवटी म्हणाली, "विनाकारण नुकसान होऊन राहिलं तुमचं."

"हाव, पोरी," मी म्हणालो, "होऊ दे." आणि तिच्याकडे सही करायला पेन मागितलं.